इंजिनाला शेक

आमच्याकडे दिल्लीला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दोन गोष्टी बघायच्या असत, ताजमहाल आणि पानिपत. ताजमहालासाठी मी त्यांना टूरिस्ट बसमध्ये बसवून देई. पानिपतला मात्र मी स्वतः नेई, आमच्या फियाटमधून. गाडी मी चालवते, भालचंद्र चालवत नाहीत. ते सांख्यिकीच्या खात्यात आहेत. समोरून येणाऱ्या वाहनांचा अंदाज बांधता बांधता ते एकदा एका चौकात इतका वेळ थांबले, की मागच्या लोकांनी उतरून आमची गाडी ढकलली. त्या दिवसापासून स्टिअरिंग माझ्याकडे आणि हिशेब त्यांच्याकडे अशी आमच्या संसाराची वाटणी झाली. ती मला मान्य आहे. फक्त हिशेब स्टिअरिंगच्या आड आला की माझं डोकं फिरतं.

त्या जानेवारीत तसंच झालं. एशियाड नुकतंच संपलं होतं, दिल्लीत नवे फ्लायओव्हर झाले होते, आणि त्या प्रत्येक फ्लायओव्हरवर चढताना आमची गाडी ठोकायला लागली होती. आतून कुणीतरी दारावर टकटक करावी तसा आवाज यायचा. याला कारण भालचंद्रांचे मावसभाऊ विलास. दिवाळीत आले असताना पानिपतच्या वाटेवर आम्ही चहाला थांबलो, तेव्हा मदत म्हणून त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघितलं आणि झाकण नुसतंच वर ठेवून दिलं. पुढे इंजिन तापलं, हेड वाकलं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं जाड लोखंडी झाकण. वर्कशॉपमध्ये ते घासून सपाट केलं, आणि हात लागलाच आहे तर जरा जास्तच घासलं असावं. मुनिरक्यातल्या आमच्या मेकॅनिकने आवाज ऐकून मान हलवली.

"मॅडम, कंप्रेशन बढ़ गया है. दूसरा हेड डलवाओ. महीना लगेगा मिलने में. तब तक लंबे पे मत ले जाना, पिस्टन जाएगा."

आणि चार-पाच दिवसांवर संक्रांत होती, आणि माझे वडील घरी आले होते.

तात्यांविषयी सांगायला हवं. तात्यांनी सगळं आयुष्य एसटीची बस चालवली. फलटण डेपो, सगळे घाट तोंडपाठ. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली तरी त्यांचा उजवा पाय निवृत्त झालेला नाही. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसले की तो पाय आपोआप ब्रेक दाबत राहतो, आणि डोळ्याला डोळा लागत नाही. दिल्लीला येताना झेलम एक्सप्रेसमध्ये सगळा प्रवास ते बसून आले. मी विचारलं, "तात्या, बर्थ होता ना, पडायचं की जरा." तर म्हणाले, "ड्रायव्हर दिसत नाही अशा गाडीत झोप कशी यायची?"

त्यांना संक्रांतीच्या दिवशी पानिपतात उभं राहायचं होतं. आमच्या घराण्यातला कुणी एक तिथे गेला आणि परत आला नाही. असा एक प्रत्येकाच्याच घराण्यात असतो, पण तात्या त्याच्याविषयी असं बोलतात जणू तो मागच्या महिन्यात गेला. "त्या वर्षी त्याला संक्रांतीचा तीळगूळ कुणी दिला असेल?" असं ते आईला विचारायचे. आता आई नाही. म्हणून या वर्षी त्यांनी शेजारणीकडून लाडू करून घेतले आणि डब्यात भरून स्वतः घेऊन आले.

पण खरं सांगायचं तर ते नुसते पानिपतासाठी आले नव्हते. फलटणच्या पारावर बसून इतकी वर्षं ते सांगत आले, "आमची हेमलता दिल्लीत मोटार चालवती." त्या पाराने मला चालवताना बघितलेलं नाही, आणि तात्यांनीही नाही. गुडघ्यांमुळे ते पूर्वी कधी आले नव्हते. मलाही दुसरं काही नको होतं. त्यांनी एकदा माझ्या शेजारी बसावं, एवढंच. आत्ता नाही बसले तर मग कधी, हे त्यांच्या गुडघ्यांकडे बघून कुणालाही कळलं असतं.

स्टेशनवरून आम्ही त्यांना टॅक्सीने आणलं. आर. के. पुरमला आमच्या ब्लॉकखाली फियाट उभी होती. तात्या तिच्याभोवती एक फेरी मारून आले, बॉनेटवर तळवा ठेवला, आणि म्हणाले, "ठोकती का?"

"थोडी," मी म्हटलं.

"ठोकणारी गाडी मी कधी घाटात नेली नाही," ते म्हणाले. रागाने नव्हे, नुसतं सांगावं तसं. आणि काठी टेकत जिना चढायला लागले. माझा चेहरा उतरला.

भालचंद्र म्हणाले, "मेकॅनिक म्हणतो कंप्रेशन वाढलं. किती वाढलं? साडेसातचं आठ झालं की बारा झालं? आकडा नसताना निर्णय कसला घ्यायचा?"

रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा समोर असताना त्यांनी मला कंप्रेशन रेशो समजावला. इंजिनातल्या नळकांड्यात पिस्टन वर-खाली होतो. तो खाली असताना वर जेवढी जागा असते, आणि तो अगदी वर आल्यावर जेवढी उरते, त्या दोन जागांचं प्रमाण म्हणजे हा रेशो. "तू डब्यात पोळ्या दाबून बसवतेस तसं," ते म्हणाले. "हेड घासलं म्हणजे डबा उथळ झाला. पोळ्या जास्त दाबल्या जातात. फार दाबल्या की पेट्रोल वेळेआधी पेटतं, तोच हा आवाज."

पिस्टन किती जागा ओलांडतो, ते नळकांड्याच्या मापावरून निघतं. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार केला, दोनशे बहात्तर घनसेंटिमीटर आले. राहिली वर उरणारी जागा. ती मोजायची म्हणजे पिस्टन वर आणून ठेवायचा, स्पार्क प्लग काढायचा, आणि त्या भोकातून आत तेल भरायचं. जेवढं तेल मावेल तेवढी जागा.

"नऊच्या आत आला तर मेकॅनिककडून ठिणगीचं टायमिंग थोडं मागे घेऊ, भारी पेट्रोल भरू आणि निघू. नऊच्या वर गेला तर गाडी हलवायची नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. तात्या पोहे खाता खाता ऐकत होते. त्यांनीही मान हलवली. आता ड्रायव्हर, ड्रायव्हरचा बाप आणि हिशेबनीस असे तिघेही एका आकड्याला बांधले गेलो.

कुठलं तेल घ्यायचं यावर थोडी चर्चा झाली. रॉकेल पातळ, ते पिस्टनच्या कडेने गळून जातं. इंजिन ऑइल घट्ट, सिरिंजला चिकटतं, रेघा दिसत नाहीत. मी त्या दिवशी न्हाणार होते म्हणून खोबरेलाची बाटली गरम पाण्यात ठेवून पातळ करून घेतली होती. भालचंद्रांनी ती बघितली. "हे उत्तम. ना पातळ ना घट्ट. आणि पारदर्शक." माझं डोकं तसंच राहिलं, बाटली खाली गेली. बरोबर दवाखान्यातून मागून आणलेली काचेची मोठी सिरिंज गेली आणि माझी विणायची सुई गेली. पिस्टन वर आला की नाही ते सुई भोकातून आत सोडून बघायचं असतं म्हणे. तात्यांच्या अर्ध्या विणलेल्या स्वेटरचे टाके मी दुसऱ्या सुईवर सांभाळत बसले.

आमच्या ब्लॉकची सावली हिवाळ्यात दुपारपर्यंत गाडीवरून हलत नाही. त्या सावलीत, मफलर गुंडाळून, पिस्टन वर आणायला चाक हाताने फिरवता यावं म्हणून गाडीची एक बाजू जॅकवर उचलून भालचंद्र किती तरी वेळ वाकून होते. वर आले तेव्हा नाक लाल झालं होतं आणि चेहऱ्यावर लग्नात अक्षता संपल्यावर असावा तसा गंभीरपणा होता.

"साडेअकरा," ते म्हणाले.

"काय साडेअकरा?"

"रेशो. पहिल्या नळकांड्यात सव्वीस घनसेंटिमीटर तेल मावलं, फक्त सव्वीस. दुसऱ्यातही जवळपास तेवढंच. दोनदा हिशेब केला." ते खुर्चीत बसले. "हेमा, साडेअकरा म्हणजे ते रेसच्या गाडीचं इंजिन झालं. नाही नेता येणार."

मला वाद घालायचा होता. पण मीच कबूल म्हटलं होतं, आणि तेही तात्यांच्या समोर. तात्या खिडकीशी बसले होते. ते म्हणाले, "आकडा आला ना. मग झालं."

"आपण टॅक्सी करू या, तात्या," भालचंद्र म्हणाले. "चांगला ड्रायव्हर बघतो मी. सांभाळून नेणारा."

"बघू की, जावईबापू," तात्या म्हणाले. आणि उठून त्यांनी तीळगुळाचा डबा पिशवीतून काढला आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिला. "मुलांना वाट हे. मऊ आहेत तोवर बरे लागतात."

आमची मुलं दोघंही होस्टेलला, हे त्यांना ठाऊक होतं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, आणि राग आला की मी काम काढते. मी ठरवलं, तात्यांचे गुडघे चोळायचे. दिवाळीपासून ते जास्तच दुखत होते. समोरच्या मिसेस कोहलींनी तात्या आल्याच्या दिवशीच सांगितलं होतं, "सरसों का तेल लगाओ जी, दो दिन में बाबूजी दौड़ेंगे." मी हसून मान हलवली होती. दिल्लीत आले तेव्हापासून मी सरसोंचं, म्हणजे मोहरीचं, तेल घरात येऊ दिलेलं नाही. त्या वासाने मला शिंका येतात आणि आपण कायमचे इथलेच झालो असं वाटायला लागतं. आमच्या घरात खोबरेल. अंगाला, डोक्याला, दिव्याला, सगळ्याला खोबरेल.

खोबरेलाची बाटली भालचंद्र परत घेऊन आले होते, ती दाराशी होती. मी ती तळहातावर उपडी केली. काही आलं नाही. आपटली, तरी नाही. उजेडात धरली तर आत तेल पांढरं घट्ट झालं होतं, तुपासारखं. हिवाळ्यात ते रोजच होतं. म्हणून तर मी सकाळी ते गरम पाण्यात ठेवलं होतं. मी चिडून चमच्याचा दांडा आत खुपसला आणि तसाच हात थांबला.

"अहो," मी म्हटलं. "हे तुम्ही इंजिनात ओतलंत तेव्हा पातळ होतं?"

"म्हणजे काय. पाण्यासारखं."

"आणि इंजिन?"

"इंजिनाचं काय?"

"गार होतं ना? सावलीत, सकाळपासून?"

भालचंद्रांना सांख्यिकीतलं सगळं समजतं, पण डोक्याला तेल लावायची वेळ त्यांच्यावर फारशी येत नाही, कारण डोक्यावर फारसं काही राहिलेलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. मी विणायची सुई उचलली आणि जिना उतरले. ते मागून आले. दोन्ही नळकांड्यांतलं तेल अजून काढायचं होतं, कारण साडेअकरा बघून त्यांचा धीरच खचला होता. मी एका भोकातून सुई आत सोडली. ती वाटेतच अडली. जोर केला तेव्हा मऊसर काहीतरी भेदून ती खाली गेली, आणि बाहेर काढली तर टोकाला पांढरा लोण्यासारखा गोळा.

लोखंड बर्फासारखं गार, त्यात कोमट खोबरेल. आत शिरता शिरताच ते भोकाच्या तोंडाशी थिजलं. खाली बरीच जागा तशीच रिकामी, वर बूच. वरून तेल दिसायला लागलं आणि यांनी लिहून टाकलं सव्वीस. अख्ख्या दिल्लीत इंजिनात खोबरेल ओतण्याची बुद्धी एका मराठी घरालाच होणार, आणि ते आमचं होतं.

"तरीच," भालचंद्र हळू आवाजात म्हणाले. "दुसऱ्यात भरताना मला वाटलं होतं, इतक्या लवकर कसं भरलं." मग त्यांचा चेहरा इतका उजळला की मी त्यांना बोलायचं ठरवलं होतं ते विसरले.

आता आतलं थिजलेलं तेल काढायचं कसं, हा प्रश्न. तात्या वरून, गॅलरीतून, सगळं ऐकत होते. ते आत गेले आणि जरा वेळाने काठी टेकत, कठड्याला धरत, एकेक पायरी उतरून खाली आले. काखेत गुडघे शेकायची रबरी पिशवी, गरम पाण्याने भरलेली.

"तिला शेक द्या," ते म्हणाले. "माझं मागून बघू."

मग आम्ही गाडीचं बॉनेट उघडून इंजिनाला शेक दिला. पिशवी गार झाली की मी वर जाऊन पुन्हा पाणी तापवून आणायची. तात्या एका खुर्चीवर बसून पिशवी हेडवर दाबून धरत होते, लहान मुलाचं पोट शेकावं तशी. मिसेस कोहली शाल पांघरून खाली आल्या, बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "गाड़ी को भी घुटनों का दर्द है क्या?"

तेल विरघळलं. सिरिंजने ओढून काढलं. मग मी मिसेस कोहलींना विचारलं, "भाभीजी, थोड़ा सरसों का तेल मिलेगा?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू इतकी वर्षं त्या याच वाक्याची वाट बघत होत्या. भरलेली बाटली आणली. सरसोंचं तेल या थंडीत थिजत नाही. इथली माणसं ते वापरतात त्याला कारण असतं, हे मला त्या दिवशी पटलं, फार उशिरा.

मी शिंकत उभी राहिले, भालचंद्र भरत राहिले. सव्वीसला तेल वर आलं नाही. तीसला नाही. मी श्वास धरला होता, तात्यांनी काठीची मूठ. पिवळं तेल भोकाच्या तोंडाशी आलं तेव्हा साडेछत्तीस झाले होते. त्यांनी सिरिंज खाली ठेवली, खिशातून पेन्सिल काढली आणि फियाटच्याच टपावर वर्तमानपत्र ठेवून भागाकार केला. मग उरलेल्या तिन्ही नळकांड्यांत तेच केलं, कारण एका मापावर विश्वास ठेवणारा तो माणूस नाही. आमची सगळ्यांची भूक गेली होती, जेवण वर झाकून ठेवलेलं होतं.

"साडेआठ," ते शेवटी म्हणाले. "खरं तर जरा खालीच. चारही सारखे." मग तात्यांकडे वळून, एखादा कागद सहीला पुढे करावा तसं, "नऊच्या आत."

तात्यांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि म्हणाले, "त्या फळीवरचा डबा पिशवीत परत ठेव."

सोमवारी मुनिरक्यातल्या मेकॅनिकने टायमिंग मागे घेतलं. आकडा ऐकून तो म्हणाला, "साढ़े आठ? फिर तो चलेगी, मॅडम." गाडी सुरू केली तेव्हा मागून जो धूर आला त्याला आधी खोबऱ्याचा आणि मग सरसोंचा वास होता. मेकॅनिकने नळीपाशी वाकून हुंगलं, पण विचारलं काही नाही. येताना मी मुद्दाम फ्लायओव्हरवरून आले. गाडी मुकाट्याने चढली.

संक्रांतीला आम्ही दोघांनी रजा टाकली. सकाळचं धुकं सरल्यावर आम्ही निघालो. भालचंद्र मागे, मांडीवर डबा. तात्या पुढे, माझ्या शेजारी. त्यांनी नवं धोतर नेसलं होतं, टोपी घातली होती आणि मी विणलेला स्वेटर, ज्याची एक बाही सुईच्या भानगडीत थोडी आखूड झाली होती. मी आरसा नीट केला, पहिला गिअर टाकला. त्यांचा उजवा पाय मला दिसत होता. तो ब्रेकवर तयार होता, म्हणजे जिथे ब्रेक असायला हवा होता तिथे.

लग्नाच्या दिवशीही मी इतकी घाबरले नव्हते. गिअर बदलताना जरासाही आवाज होऊ नये म्हणून मी दात आवळून धरले होते. शहरातून बाहेर पडेपर्यंत तात्यांचा पाय चार-पाच वेळा दाबला गेला आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, झालं, चुकलं आपलं. पण त्यांची नजर समोर. जी. टी. रोड लागला, दोन्ही बाजूंना सरसोंची पिवळी शेतं सुरू झाली. पुढे उसाने भरलेला एक ट्रक होता, डुलत चाललेला. मी हॉर्न दिला, वाट बघितली, समोरून मोकळं झाल्यावर एका दमात, एकसारख्या वेगात, त्याला मागे टाकलं. इतकं सुरेख ओव्हरटेक मी जन्मात केलं नसेल. बघितलंत ना, तात्या, असं म्हणायला मी वळले.

तात्या झोपले होते.

मान बाजूला कलली होती, टोपी खिडकीच्या काचेला टेकून वर सरकली होती, तोंड किंचित उघडं. उजव्या पायातली चप्पल निसटली होती आणि पाय तिच्याशेजारी सैल पडला होता.

मला क्षणभर वाईट वाटलं. एवढा सगळा खटाटोप केला, इंजिन शेकलं, सरसोंचं तेल मागून आणलं, ते ज्यांनी बघावं म्हणून, ते झोपले. मी चिडून मागे बघितलं. भालचंद्र पुढे वाकून तात्यांच्या पायाकडे बघत होते.

"हेमा," ते अगदी हळू म्हणाले, "ते झोपलेत."

"दिसतंय मला."

"अगं, ते गाडीत झोपलेत."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मग मला समोरचा रस्ता नीट दिसेना आणि मी वेग कमी केला. भालचंद्रांनी मागून रुमाल पुढे केला. त्याला सरसोंचा वास येत होता. मी त्यानेच डोळे पुसले आणि शिंकले. तात्या तरीही हलले नाहीत. पुढचा सगळा रस्ता मी गाडी अशी चालवली, की डब्यातला एक लाडूसुद्धा जागचा सरकू नये.

पानिपतला लढाईच्या स्मारकस्तंभापाशी गाडी थांबवून मी इंजिन बंद केलं, आणि त्याबरोबर ते जागे झाले. त्यांनी बाहेर बघितलं, टोपी सारखी केली, पायाने चप्पल शोधली. "आलं?" म्हणाले. आणि मग, काहीतरी चुकल्यासारखं हसून, "डोळा लागला की गं."

"लागू द्या," मी म्हटलं.

त्यांनी डबा घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवून स्तंभापर्यंत चालत गेले, गवतात एक तीळगूळ ठेवला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले. उरलेले आम्ही तिघांनी तिथेच उन्हात उभं राहून खाल्ले. कडक झाले होते, पण गोड होते.

निघताना मी त्यांना दम भरला, "तात्या, आता येताना तरी जागे राहा. पारावर काय सांगाल, मी कशी चालवते ते?"

"सांगीन की," ते म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसून त्यांनी दोन्ही चपला काढून नीट बाजूला ठेवल्या. वाटेतलं समालखा यायच्या आधीच ते घोरायला लागले.